बाहेरचा डोळा

जानेवारी उजाडला की मी घरात कमी बोलतो. मुळात बोलतोच कमी, त्यामुळे फरक फक्त बायकोला कळतो. "आला तुझा डोंगर," म्हणून रिटा चहाचा कप समोर ठेवते आणि आपल्या कामाला लागते. आमच्या वसईतली थंडी ती किती! सकाळी वारा जरा झोंबला की लोक कपाटातले स्वेटर बाहेर काढतात, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन मिस्साला येतात आणि देवळातून बाहेर पडताच तेच स्वेटर कमरेला बांधून मासळीबाजारात जातात. पण एवढ्याशा गारव्यानेही माझ्या तळव्याला दुसरी एक थंडी आठवते. सिकेटरच्या, म्हणजे छाटणीच्या कात्रीच्या, लोखंडी मुठीतून आत शिरणारी, बोटं आपली आहेत की उसनी आणली आहेत असा प्रश्न पाडणारी.

ती थंडी ओमानमधली. हे मी सांगितलं की माणसं हसतात. मस्कतला वीस वर्षं काढली म्हटल्यावर लोकांना वाळू, उंट आणि तेलाची विहीर ऐकायची असते. यातली एकही गोष्ट मी नीट पाहिलेली नाही. मी पाहिलं ते वादी कबीरमधलं आमच्या कंपनीचं गोडाऊन, त्याच्या दोन्ही बाजूंची गॅरेजं, आणि एका हंगामात, पुन्हा पुन्हा, जबल अख्दर. नावाचा अर्थ हिरवा डोंगर. खालून बघाल तर करपलेल्या पावाच्या कडेसारखा दिसतो, हिरवा रंग औषधालाही नाही. वर चढून दरीच्या काठाशी गेलात की मात्र पायाखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसतात. त्यांच्या कडेने दगडी पाटातून खळखळत पाणी जातं. डाळिंब, जर्दाळू, अक्रोड, गुलाब, आणि काही वाड्यांमधून सफरचंद आणि पेअर.

या पेअरने मला घरी बराच त्रास दिला. पहिल्यांदा फोनवर आईला सांगितलं की आता मला पेअरच्या बागांचं काम दिलंय. ती म्हणाली, "पेरूच लावायचे होते तर आपली वाडी काय वाईट होती रे?" मी म्हटलं, पेरू नाही आई, पेअर. ती म्हणाली, "तेच ते. तिकडे पेर म्हणत असतील." पुढे तिने सगळ्या आळीत सांगून टाकलं की आमचा थोरला अरबांना पेरू पिकवायला शिकवतो. ते ऐकून सुट्टीत भेटायला आलेला एक नातेवाईक मला पेरूवरच्या माशीचं औषध विचारून गेला. मी ते सांगितलंही. चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यासोबत राहणं मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे. माझ्या स्वभावातली ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला धक्का बसणार नाही.

त्या कामासाठी माझी निवड कशी झाली, तेही ऐका. नव्वदीच्या मधली वर्षं. आमची कंपनी पाइप, खतं, फवारणीचे पंप विकायची. आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मनात आलं की मस्कतमधल्या कुरुमच्या सुपरमार्केटात परदेशी सफरचंदं स्टिकर लावून बसतात, त्यांच्या शेजारी आपल्या डोंगरावरची सफरचंदं आणि पेअर का बसू नयेत? त्यासाठी तिथल्या बागवाल्यांना धंद्याच्या हिशेबाने छाटणी, विरळणी, तोडणी शिकवायची. थंडीत कार्यशाळा, उन्हाळ्यात बागेतच प्रात्यक्षिकाचा दिवस. शिकवायला हिमाचलमधले डॉक्टर नेगी येणार होते. ते हिंदीत बोलणार. मस्कतच्या बाजारात हिंदी सगळ्यांना कळते, पण डोंगरावर तेव्हा कुणाला फारशी येत नव्हती. तेव्हा दुभाषी हवा.

"बगीच्याचं कुणाला कळतं?" असं अर्बाबने हिंदीतच विचारलं, तेव्हा मी पावत्यांत डोकं घालून बसलो होतो. आमचा कॅशियर गोव्याचा. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "परेरा को भेजो ना सर. पोर्तुगीज में परेरा मतलब पेअर का झाड. और इसका बाप वसई में गुलाब लगाता है."

"और अरबी?"

"अरे, आती है! कल गेट पे ट्रकवाले से अरबी में झगडा किया इसने. जीता भी."

झालं. आडनाव हीच माझी पदवी आणि भांडण हीच माझी परीक्षा. आता माझी अरबी कशी होती ते सांगतो. यल्ला म्हणजे चल, बुकरा म्हणजे उद्या, मग खलास, मुश्किल आणि माफी मुश्किल; माफी म्हणजे नाही. क्रियापद एकच, सवी, म्हणजे कर. सवी ओपन, सवी बंद, सवी फोन. कुणाच्या मालकीचं काही सांगायचं असेल तर मध्ये 'माल' घालायचा. एवढ्या भांडवलावर ट्रक रिकामा करून घेता येतो, छाटणीचं शास्त्र शिकवता येत नाही. हे मला तिथेच सांगता आलं असतं. पण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. रिटाला पाचवा महिना होता. नोकरी पक्की झाल्याशिवाय फॅमिली व्हिसा मिळणार नव्हता. मी मान डोलावली.

डोंगरावर तेव्हा डांबरी रस्ता नव्हता. खाली चौकीवर कागद दाखवायचा, मग फोर-व्हील गाडी दगडगोट्यांवरून अशी चढायची की वर पोहोचेपर्यंत पोटातली इडली डोक्यात गेलेली असायची. डॉक्टर नेगी पुढच्या सीटवर हिरव्या पट्टीची टोपी घालून मजेत बसायचे. "परेरा भाई, ये तो हमारे यहाँ का हायवे है." माणूस असा की झाडाला हात लावण्याआधी त्याला 'बेटा' म्हणायचा. वर गाडीचं दार उघडलं की जाळलेल्या लाकडाचा आणि थंड दगडाचा वास यायचा. दगडाला वास असतो हे मला तिथे कळलं. मी दोन शर्टांवर एक कार्डिगन घातलं होतं आणि दात वाजत होते. नोकरीच्या भीतीने की थंडीने, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पहिली कार्यशाळा अबू सालिमच्या वाडीत झाली. अबू सालिम गावातला वयस्कर बागवाला. काटकुळा, डोक्याला लोकरी शाल गुंडाळलेला, हसला की आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. त्याने माझं नाव विचारलं. मी म्हटलं, परेरा. अरबीत 'प' नाही. "बरेरा!" म्हणून त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. मी बरेरा झालो तो कायमचा.

वीसएक बागवाले पाटाच्या काठावर बसले होते. नेगींनी एका सफरचंदाच्या झाडाची फांदी हातात धरली आणि सुरुवात केली. फांदी कुठे कापायची? जिथे कळीचा डोळा आहे तिथे, त्याच्या जरासं वर. आणि कुठला डोळा? आत, खोडाकडे बघणारा नव्हे, बाहेर बघणारा. म्हणजे नवी फांदी बाहेरच्या अंगाने वाढते, झाड मधून मोकळं राहतं, ऊन आत येतं. "बाहर वाली आँख पे काटो, बस. इतना समझा दो, आधा काम हो गया."

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. माझे वडील गुलाब छाटताना हेच म्हणायचे, बाहेरच्या डोळ्यावर छाट दे. हिंदीत आँख, आमच्यात डोळा, तर अरबीतही डोळाच असणार! आणि डोळ्याला अरबीत ऐन म्हणतात, हे मला येत होतं. छाती फुगवून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सवी कत्ता, ऐन माल बर्रा." काप, बाहेरचा डोळा.

कुणीच हललं नाही. ऐन म्हणजे डोळा, ऐन म्हणजे पाण्याचा झराही, आणि तिथल्या एका गावाचं नावही ऐन. एका तरुण बागवाल्याने पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, तिकडे जाऊन कापायचं का? सगळे हसले. मी घाबरलो. मग मी माणूस भाषा संपल्यावर जे करतो ते केलं. हातवारे. एक बोट माझ्या डोळ्याला लावलं आणि दुसऱ्या हाताने दाखवलं, बाहेर, तिकडे. तिकडे नेमकी गावची पायवाट होती. वाडीच्या कुंपणाला लागून जाणारी, शाळेची पोरं, गाढवं, पाहुणे, सगळ्यांची.

"आहाऽ," असा एक सूर उठला. सगळ्यांना कळलं. वीस माणसांना एकदम समजताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. नेगींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाह परेरा भाई, आपने तो एक सेकंद में समझा दिया."

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा वर गेलो. वळणावरून गाव दिसलं आणि नेगींनी गाडी थांबवायला लावली. गावातलं प्रत्येक सफरचंदाचं झाड वाटेच्या बाजूने सफाचट आणि पलीकडच्या बाजूने तसंच झुपकेदार. गावभर फिरणाऱ्या न्हाव्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवरून कुणीतरी हाक मारून नेलं असावं, तशी ती झाडं उभी होती.

मला तिथल्या तिथे उलगडलं. बाहेरचा डोळा. बाहेरच्यांचा डोळा. नजर! वाटेवरून जाणाऱ्या परक्या माणसाची नजर झाडाला लागते, तेव्हा त्याला दिसेल ती बाजू कापून टाका, असं हिंदुस्तानातून आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, असं मी सांगितलं होतं.

माझ्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला. त्या थंडीत. नेगी मात्र गाडीतून उतरून दरीकडे बघत होते, वाऱ्याला हात लावून बघत होते. मग वळले. चेहरा असा की कुणी देवदर्शन करून आलंय. "परेरा भाई, देखो! ठंडी हवा इसी रास्ते दरी में उतरती है. इन्होंने वही साइड खोल दी, ताकि ठंड जमे नहीं, निकल जाए. ये किताब में नहीं मिलेगा. ये पुरखों का ज्ञान है!"

मी बागवाल्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणतात फार छान. बागवाले म्हणाले, सगळी डॉक्टरांची कृपा. मी डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणतात तुमची कृपा. डॉक्टर म्हणाले, देखो कितने विनम्र लोग हैं. एकमेकांबद्दल इतका आदर असलेली माणसांची दोन टोळकी मी परत कधी पाहिली नाही, आणि मधल्या दोन हात जागेत मी उभा, सगळ्या आदराचं मूळ.

इथवर मी हसत सांगतो. रिटालाही इथवर सांगितलं होतं. मस्कतमध्ये रुवीच्या देवळात फादरना कन्फेशनमध्येसुद्धा इथवरच सांगितलं, भाषांतरात चूक झाली, लोकांची झाडं अर्धी कापली गेली. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "ही चूक आहे, पाप नाही," आणि मला वाटतं ते हसू दाबत होते. एक नमो मरिया म्हणून मी सुटलो. पुढचं मी जाळीलाही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही अबू सालिमकडे गेलो. त्याचीही सफरचंदं अर्धी झालेली. पण कुंपणाच्या कोपऱ्यात, वाटेवर पार वाकलेलं एक जुनं पेअरचं झाड होतं, ते त्याने तसंच ठेवलं होतं. हातात करवत घेऊन तो त्याच्याखाली उभा होता. आम्ही गेल्यावर त्याने करवत खाली ठेवली आणि माझ्याशी बोलू लागला, हळूहळू, माझ्या तुटपुंज्या अरबीला झेपेल अशा बेताने. मला सगळं कळलं. कळायला नको होतं तेवढं कळलं.

तो म्हणाला, हे झाड माझ्या आजोबाचं. वाटेवरच्या फांद्या आमच्या नाहीत, वाटेवरच्यांच्या आहेत. कुणी जातं, हात वर करतं, एक तोडतं, पुढे जातं. आम्ही बघत नाही, ते विचारत नाहीत. आम्हाला कधी कुणाची नजर लागली नाही. "बरेरा, तू डॉक्टरांना विचार. हेही कापणं ज़रूरी आहे का?"

ज़रूरी. अरबीतही ज़रूरी, हिंदीतही जरूरी, आपल्यातही जरूरी. इकडून तिकडे जाताना ज्या शब्दांना व्हिसा लागत नाही, त्यातला हा एक.

नेगी माझ्याकडे बघत होते. "क्या पूछ रहे हैं बाबा?"

मला जे ऐकलं तेच सांगायचं होतं. तेवढंच माझं काम होतं. ते सांगितलं असतं तर नेगींनी विचारलं असतं, कसली नजर? मग सगळं उलगडलं असतं. अर्बाब, गोडाऊन, कॅशियर, पहिलं विमान, वसई, पाचवा महिना. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला करवत एकदा ओढायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मी म्हणालो, "पूछ रहे हैं, फूल आने से पहले खाद डालना जरूरी है क्या?"

"जरूरी?" नेगींनी अबू सालिमच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक अक्षर मोकळं करून ते म्हणाले, "बहुत जरूरी, बाबा. बहुत जरूरी!"

मला भाषांतर करावंच लागलं नाही. अबू सालिमने मान हलवली. करवत उचलली, बिस्मिल्ला म्हणाला आणि कापायला लागला. फांदी वाटेवर पडली, तिच्यावर फुगीर डोळे होते, आठवड्या-दोन आठवड्यांत उघडले असते असे. नेगी म्हणाले, "इतनी मोटी क्यों काट रहे हैं?" मी म्हणालो, "सर, पुरखों का ज्ञान." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वसंतात वर गुलाब फुलतात तेव्हा सगळा डोंगर गुलाबपाण्याच्या भट्ट्यांनी धुरकटतो. त्या दिवसांत मी खाली होतो. माझी नोकरी पक्की झाली. वसईहून फोन आला, मुलगी झाली. मी गोडाऊनमध्ये मिठाई वाटली. कॅशियर म्हणाला, "पेअर का झाड फल दिया!" आणि सगळे हसले, मीही हसलो. हसताना मला त्या वाटेवरच्या फांदीवरचे डोळे दिसले. असं पुढे बरीच वर्षं व्हायचं. आनंदाच्या नेमक्या वेळी.

उन्हाळ्यात प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. खाली मस्कतमध्ये रस्त्यावर चप्पल चिकटत होती आणि वर झाडाखाली गार वारा. अर्ध्या फांद्या गेल्यामुळे फळं कमी आली, पण होती ती टपोरी. कुरुमच्या सुपरमार्केटचा माणूस एकेक सफरचंद हातात तोलून खूश होत होता. अर्बाबही आला होता. त्याचं लक्ष गाडीला धूळ लागू नये यावर होतं.

आणि कुंपणापाशी, वाटेवर, अबू सालिम खजुरीच्या पानांची टोपली घेऊन उभा होता. झाडाच्या आतल्या बाजूचे पेअर तोडून त्याने टोपलीत भरले होते आणि वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो एक एक देत होता. फांदी गेली म्हणून तो स्वतः फांदी झाला होता. पण फांदीवरून घेणं वेगळं आणि माणसाच्या हातून घेणं वेगळं. मोठी माणसं दोन्ही हात छातीला लावून नको म्हणत होती, थांबून त्याच्या घरच्यांची विचारपूस करत होती, दुवा देत होती, आणि फळ न घेता जात होती. पोरं तर त्याला बघून वाट बदलायची. दोन पोरं वरच्या बांधावरून, काट्यांतून पाय टाकत गेली, नेहमीचं झाड टाळायला. अबू सालिमने त्यांना हाका मारल्या. ती पळाली. जणू काही चोरी करताना सापडली होती.

नेगी भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, ही तुमची एका बाजूने छाटायची पद्धत अद्भुत आहे, ती मी आता शेजारच्या सगळ्या गावांत शिकवणार आहे. मग माझ्याकडे वळले. "बोलो, परेरा भाई."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. अबू सालिम रिकामी न झालेली टोपली घेऊन मागे येऊन बसला होता. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, खलास. पुढच्या थंडीत वाटेची बाजू माफी कत्ता. वाटेची बाजू ठेवायची. सगळ्या गावांत ठेवायची."

बागवाल्यांनी माना डोलावल्या. नेगींना वाटलं, आपली पद्धत पसरणार. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटतं त्या दिवशी त्या डोंगरावर सगळ्यात समाधानी माणूस तेच होते.

मग अबू सालिमने हात वर केला. त्याचा प्रश्न साधा होता. जी कापली आहे ती परत यायला किती वर्षं लागतील?

"क्या पूछ रहे हैं?" नेगी म्हणाले.

या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं. कदाचित त्या सबंध हंगामातलं माझं पहिलं बरोबर भाषांतर. नेगी जरा गोंधळले, पण झाडाकडे नीट बघून म्हणाले, "फल लगने तक? तीन साल. चार भी." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. अबू सालिमने टोपलीतला एक पेअर काढून मला दिला. त्या गावात मला मिळालेलं पहिलं फळ. मी ते गाडीत ठेवलं आणि वळणावळणांवर ते सीटखाली इकडून तिकडे गडगडत राहिलं.

डॉक्टर नेगी हिमाचलला परत गेले. एकदा त्यांचा ऑफिसात फोन आला. "परेरा भाई, वो ओमानी मेथड मैंने अपने बगीचे में किया था. हमारे यहाँ नहीं चला. आधा पेड़ बैठ गया." मी म्हणालो, "मिट्टी का फर्क होगा, सर." ते म्हणाले, "वही तो! मैं भी यही कह रहा था." त्यांना मी अजूनही खरं सांगितलेलं नाही. हे कुणी त्यांना वाचून दाखवलं तर माझी हरकत नाही. मला तेवढा धीर नाही.

डोंगरावर डांबरी रस्ता झाला तेव्हा आमची अनिता शाळेत जात होती. वादी कबीरची शाळा, इंग्रजीत भांडायचं, इंग्रजीत प्रार्थना म्हणायची, आणि मराठी फक्त आईने डोळे वटारले की. सुट्टीला ती म्हणाली, "डॅडी, ती ॲपलची माउंटन बघायला जाऊ." रिटाही म्हणाली, जाऊ. मला नाही म्हणता येईना, आणि कारण सांगता येईना.

गाडी वाटेशी थांबवली. झाड होतं. वाटेवर वाकलेलंही होतं. मी फार वेळ बघू शकलो नाही. अनिता मात्र थेट त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. "कोणाला... कोणाला विचारायचा?"

"कुणाला नाही," मी म्हणालो. तिने हात वर केला.

अबू सालिम आत होता. फार म्हातारा झाला होता, एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने जेमतेम, पण आवाजावरून त्याने मला ओळखलं. "बरेरा!" त्याने आम्हाला आत बसवलं. खजूर आले, तिथल्या कडू कॉफीचा कावा आला. एव्हाना माझी अरबी बऱ्यापैकी झाली होती, भूतकाळ आला होता. खूप वर्षं जी गोष्ट एकाच काळात अडकून पडली होती, ती सांगायला आता क्रियापदं होती. रिटा शेजारी बसली होती, तिला अरबी कळत नव्हती. त्या धीरावर मी सांगितलं. सगळं. आँख, डोळा, ऐन, माझं बोट, पायवाट, नेगींचं पुरखों का ज्ञान, खत, जरूरी.

तो सुरुवातीला नुसता ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. "म्हणजे कळी! डोळा म्हणजे कळी!" मग आवाज आला, मग खोकला आला, मग सून पाणी घेऊन धावत आली. "आमच्या झाडाला ऐन बर्रा लागला नाही," तो डोळे पुसत म्हणाला, "ऐन बरेरा लागला!" आणि पुन्हा हसायला लागला.

मला वाटलं, सुटलो. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का लावली?

तेवढ्यात शेजारचा कुणी आला. अबू सालिमने त्याला माझ्यासमोर बसवलं. "बरेरा, सांग याला. पहिल्यापासून." मी सांगितलं. ते दोघं हसले. मग त्याचा भाऊ आला. "सांग." मग मशिदीतून परतणारे दोघं. "सांग, सांग." प्रत्येक नव्या माणसाला मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. अर्ध्या दाढीचा न्हावी आला की घर हसायचं, नेगींनी वाऱ्याला हात लावला की घर हसायचं. अनिता कंटाळून बाहेर गेली होती. रिटाने मला कोपराने ढोसून विचारलं, "काय रे, तुझ्यावर हसतायत का सगळे?" मी म्हटलं, हो. तिला ते आवडलं.

फक्त एका जागी अबू सालिम हसत नसे. त्याने विचारलं आणि मी डॉक्टरांना खताचं विचारलं, त्या जागी. बाकीचे तिथेही हसायचे, ती जागा मजेची आहेच. तिथल्या घरांत कावा पुरे झाला की रिकामा कप हातात जरा हलवायचा, मग यजमान पुन्हा ओतत नाही. मी पहिल्याच फेरीत कप हलवला होता. तरी प्रत्येक वेळी मी त्या वाक्याशी आलो की म्हातारा चाचपडत किटली उचलायचा आणि माझा कप काठोकाठ भरायचा. मी थांबायचो. तो कप मी पिऊन संपवेपर्यंत म्हातारा उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहायचा. मग म्हणायचा, "हं. पुढे."